पाठमोरा उजेड

देवगिरीचा किल्ला दाखवणारे जुने वाटाडे अंधारी नावाच्या भुयारी वाटेत शिरण्याआधी टेंभा पेटवायचे, आणि मधल्या एका वळणावर पोचलं की काही न सांगता तो अंगाआड धरायचे. शाळेच्या सहलीतली पोरं आधी किंचाळायची, मग हसायची, मग एकेक करून गप्प व्हायची. वटवाघळांचा उग्र वास, तेलात भिजलेल्या चिंध्यांचा धूर, पायाखाली ओलसर दगड, आणि डोळे उघडे आहेत की मिटलेले हेही कळू नये असा काळोख. त्या काळोखात वाटाड्याचा आवाज कुठून तरी यायचा. पायऱ्या मुद्दाम लहानमोठ्या कोरल्यात, चढणाऱ्याचा पाय चुकावा म्हणून. वाट मुद्दाम वळवलीय, दिशा विसरावी म्हणून. आणि तो तिकडे उजेड दिसतो ना? दमला-भागला शत्रू तिकडेच धावायचा. धावला की थेट खालच्या खंदकात. त्यातूनही कुणी वर पोचलाच, तर वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण, झाकणावर निखारे, आणि सगळा धूर खाली.

ऐकताना अंगावर काटा यायचा आणि अभिमानही वाटायचा. आजही पाहुणा आला की संभाजीनगरकर त्याला वेरूळ दाखवतो, बिबीचा मकबरा दाखवतो, पाणचक्कीवर नेतो. पण त्याचे डोळे चमकतात ते अंधारीबद्दल सांगताना. बाकी सगळं लोकांनी बघावं म्हणून केलेलं. ही एकच गोष्ट लोकांना दिसू नये म्हणून केलेली. डोंगराच्या बाजू तासून उभा कडा केला, त्याच्याभोवती खंदक खोदला, आणि तेवढ्याने मन भरलं नाही म्हणून कातळाच्या पोटात काळोख कोरून ठेवला. छिन्नी-हातोडा घेऊन बसलेल्या त्या पाथरवटाने दिवसभराच्या कामानंतर घरी काय सांगितलं असेल? आज वीतभर अंधार केला, असं?

पुढे रत्नागिरीला भगवतीच्या किल्ल्यावर, सिद्धबुरुजावरच्या दीपगृहाशी उभा होतो तेव्हा मला समुद्राआधी ही अंधारी आठवली. इथेही किल्लाच होता. इथेही कुणीतरी परक्या माणसाच्या वाटेचा नीट विचार करून, खर्च करून, उंचावर काहीतरी बांधून ठेवलं होतं. उद्देश तेवढा नेमका उलटा होता.

मराठवाड्यातल्या माणसाला समुद्र उशिराच भेटतो, आणि भेटला तरी तो कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा वाटतो. आमच्याकडे क्षितिज म्हणजे ज्वारीचं नाहीतर कापसाचं रान आणि त्याच्या कडेला एखादं लिंबाचं झाड. आमच्या निजामालासुद्धा समुद्र नव्हता. एवढं मोठं संस्थान, जगातल्या श्रीमंतांत नाव, पण जहाज लावायला हातभर किनारा नाही. शेवटच्या निजामाने मार्मागोवा बंदर मिळावं म्हणून पोर्तुगिजांशी बोलणी करून पाहिली. ती काही जमली नाहीत, आणि १९४८ च्या सप्टेंबरात त्याची राजवटच संपली. नाही म्हणायला पैठणला आमचा नाथसागर आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी. वाऱ्याच्या दिवशी तिथे चांगल्या उंच लाटा उठतात आणि पलीकडचा काठ दिसत नाही. नाव सागर, पण त्याची भरती-ओहोटी चंद्राच्या हातात नाही, ती वरच्या धरणवाल्यांच्या हातात. हा विषय आमच्याकडे चहाच्या टपरीवर काढू नये, तासभर सुटका होत नाही.

तरी समुद्र आमच्या डोंगरापर्यंत येऊन गेलेला आहे, आणि एकदा तर फारच वाईट वेळी. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी अचानक देवगिरीवर चालून आला, तेव्हा यादवांच्या माणसांनी हाताला लागली ती पोती धान्याची समजून घाईघाईने वर नेली. वेढा पडल्यावर ती उघडली तर आत मीठ. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांचा तो माल होता, असं जुन्या तवारिखांत सांगितलंय. कडा चढता येत नाही, खंदक ओलांडता येत नाही, आणि आत माणसं मिठाच्या पोत्यांकडे बघत बसलेली. देवगिरीच्या इतिहासात समुद्राने घेतलेली ही एवढीच भूमिका, पण ती पुरेशी होती.

दुसरा समुद्र अजिंठ्याला आहे. दोन क्रमांकाच्या लेण्यात उजव्या बाजूच्या भिंतीवर एक जहाज रंगवलेलं आहे. तीन डोलकाठ्या, उभी लांबट शिडं, मागच्या बाजूला वल्ह्यासारखं सुकाणू आणि ओळीने ठेवलेले रांजण. पाचव्या शतकातलं चित्र. जिथून समुद्र सरळ रेषेतही जवळपास तीनशे किलोमीटर लांब, तिथे वाघूर नदीच्या वळणावर बसून कुणीतरी हे रांजण मोजून काढलेत. खलाशाला दूरच्या प्रवासात सगळ्यात आधी काय लागतं, ते त्या चित्रकाराला ठाऊक होतं: गोडं पाणी. कथा सोपाऱ्याच्या पूर्णाची. त्याचा भाऊ चंदनाचं लाकूड आणायला समुद्रापार गेला, वादळात सापडला, आणि जहाजावरच्या लोकांनी पूर्णाचा धावा केला. पूर्ण आला, वादळ शमलं. ज्या समुद्रावर रात्री एकही दिवा नव्हता, तिथे माणसं असा धावा करत. त्यापलीकडे करण्यासारखं फार काही नव्हतंही.

अगदीच काही नव्हतं असं मात्र नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या किनाऱ्याचं वर्णन लिहून ठेवलंय, 'पेरिप्लस' नावाने ते ओळखलं जातं. त्यात आमचं पैठण आहे, भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, जिथून गाड्या भरभरून अकीक किनाऱ्याला जात. त्यात भडोचच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या गाळाची आणि वेड्यावाकड्या प्रवाहांची भीतीही आहे. त्यावर तिथल्या राजाने उपाय केला होता. सरकारी नोकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जात आणि आलेल्या जहाजाला वाट दाखवत, ओढत, भरतीची वेळ साधत बंदरात आणत. दिव्याच्या आधी दिव्याचं काम माणसं करत होती. आणि त्याच पुस्तकात पुढे दुसरी गोष्ट: कल्याण बंदर एका राजाच्या काळात उघडं होतं, दुसऱ्याच्या काळात अडवलं गेलं, मग कुणी ग्रीक जहाज चुकून तिथे लागलंच, तर त्यावर पहारा बसवून त्याला भडोचला नेत. वाट दाखवायलाही माणूस, आणि वाट बदलायलाही माणूसच. दाखवणाऱ्याच्या मनात काय आहे, हे जहाजावरच्याला शेवटपर्यंत कळायचं नाही.

रत्नागिरीचा हा किल्ला नकाशावर घोड्याच्या नालेसारखा दिसतो. तीन बाजूंना समुद्र, मधे खोलगट भाग, एका टोकाला भगवतीच्या देवळाचा बालेकिल्ला, दुसऱ्या टोकाला दीपगृह. आमच्याकडचे किल्ले काळ्या पाषाणाचे. ऊन उतरलं तरी दगड तापलेलाच असतो. इथे जांभा. विटकरी, भोकाभोकांचा, पावसाळ्यात शेवाळ धरणारा, बोटाने उकरला तर लाल भुकटी हाताला लागणारा. अशा दगडाने तोफेचे गोळे कसे झेलले, असा प्रश्न मला पडतोच. कदाचित मऊपणाच कामी येत असेल. किल्ला मुळात बहमनी काळातला, मग आदिलशाही, शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये घेतलेला. पुढे आंग्रे, पेशवे, आणि १८१८ मध्ये इंग्रज. खाली एका बाजूला मिरकरवाडा, मासेमारीचं मोठं बंदर. वारा तिकडून असला की सुकत घातलेल्या मासळीचा वास बुरुजापर्यंत येतो. दुसऱ्या अंगाला मांडवी आणि भाट्याची खाडी. मांडवीची वाळू काळी, पलीकडे मिऱ्याच्या अंगाची पांढरी. त्यामुळे इथले लोक काळा समुद्र आणि पांढरा समुद्र असे दोन समुद्र सांगतात, आणि आमच्यासारख्यांना, ज्यांच्याकडे एकही नाही, ते जरा जास्तच वाटतं.

दीपगृह १८६७ चं. त्याच वर्षी मुंबईच्या दक्षिणेला खांदेरीच्या बेटावरही दीपगृह उभं राहिलं. खांदेरी म्हणजे १६७९ मध्ये महाराजांनी इंग्रज आणि सिद्दी या दोघांच्या नाकावर टिच्चून बांधायला घेतलेला किल्ला; मायनाक भंडाऱ्याने तो भांडून राखला. गोव्यात आग्वादच्या किल्ल्यावरचं दीपगृह १८६४ चं. देवगडच्या किल्ल्यात १९१५ पासून दीपगृह आहे, जयगडच्या खाडीच्या तोंडाशीही एक आहे. किनाऱ्याने खाली उतरत गेलं की लक्षात येतं, बहुतेक दिवे किल्ल्यांच्या खांद्यांवर बसलेत. यात नवल काही नाही. समुद्रात पुढे घुसलेली उंच जागा टेहळणीलाही हवी आणि दिव्यालाही. पृथ्वी गोल असल्यामुळे शंभर मीटर उंचीवरच्या माणसाला समुद्र साधारण छत्तीस किलोमीटरपर्यंत दिसतो, आणि तेवढ्याच लांबून त्या उंचीवरचा दिवाही दिसतो. बघण्याचं आणि दिसण्याचं गणित एकच.

पण काम बदललं. किल्ला समोरच्या शिडाला आधी विचारतो: कोण तू? कान्होजी आंग्र्यांच्या काळात या किनाऱ्याने जायचं तर दस्तक लागे, म्हणजे परवाना. नसेल तर जहाज धरलं जाई. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं. पाण्यावरच्या हक्काचा दाखला स्वतः वाटणाऱ्याला तो दुसऱ्याने वाटलेला कधी आवडत नाही. दिवा मात्र विचारत नाही. विचारूच शकत नाही. त्याची गोचीच ती आहे. मित्राच्या जहाजाला दिसावा आणि शत्रूच्या जहाजाला दिसू नये, असा दिवा आजवर कुणाला करता आला नाही. एकदा पेटवला की तो सगळ्यांचा. इंग्रज काही परोपकार म्हणून बत्त्या बांधत नव्हते. गलबतं आणि पडाव संध्याकाळ झाली की एखाद्या खाडीत शिरून नांगर टाकत. आगबोटीला वेळापत्रक आलं, तिला रात्रीही धावायचं होतं. त्यांच्या आगबोटी, त्यांचं टपाल, त्यांचा कापूस. पण रत्नागिरीच्या बुरुजावर त्यांनी लावलेला दिवा मीठ-मासळी नेणाऱ्या मचव्यालाही तेवढाच दिसला. बंदरात आलेल्या जहाजाकडून दिव्याचा कर घेतला जाई, आजही वेगळ्या नावाने घेतला जातो. पण तो धक्क्याला लागल्यावर. पाण्यावर, रात्री, खडक किती जवळ आहे हे कळण्यासाठी कुणाला दस्तक दाखवावं लागत नाही.

दीपगृह बघायला दुपार कलल्यावर ठरावीक वेळात सोडतात. तिकीट काढून चक्राकार जिन्याने वर जायचं. वर वाऱ्याचा आवाज एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि खाली बघवत नाही. दिव्याच्या खोलीत मात्र निवांत. दीपगृहांमधल्या ज्या भिंगाबद्दल वाचलं होतं, ते ऑग्युस्तँ फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने शोधलं आणि १८२३ मध्ये पहिल्यांदा फ्रान्सच्या कॉर्दुआँ दीपगृहात बसवलं गेलं. तेवढं मोठं भिंग एकसंध काचेचं केलं असतं तर त्याच्या वजनाने मनोरा खचला असता. फ्रेनेलने मधली निरुपयोगी काच काढून टाकली, फक्त वळणदार कड ठेवली, आणि कांद्याच्या चकतीत असतात तशी काचेची वर्तुळांत वर्तुळं बसवली. एरवी आभाळात किंवा जमिनीवर वाया गेला असता तो सगळा उजेड वळून क्षितिजाच्या पट्टीत जातो. दिवा मोठा नसतोच. जुन्या काळी तर रॉकेलच्या वाफेवर चालणारी मँटलची बत्ती असायची, लग्नाच्या वरातीत डोक्यावर असते त्या गॅसबत्तीची थोरली बहीण. भिंग टनावारी वजनाचं. पण ते पाऱ्याच्या कुंडावर तरंगत ठेवलेलं, त्यामुळे बोटाने ढकललं तरी फिरे. फिरवायला घड्याळासारखी यंत्रणा, तिला वजन टांगलेलं, आणि ते वजन रात्रीतून पुन्हा पुन्हा हाताने गुंडाळून वर घ्यायचं.

या सगळ्यात मला आवडलेली गोष्ट पडद्याची. दिवसा अशा भिंगाभोवती पडदे ओढून घेत. कारण भिंगाला दिशा कळत नाही. रात्री आतला उजेड ते बाहेर पाठवतं. दिवसा बाहेरचं ऊन आत एकवटून बत्तीच वितळवून टाकेल, आग लावेल. म्हणजे बत्तीवाल्याच्या कामात जेवढं दिवा लावणं होतं, तेवढंच उन्हाला आवरणंही होतं. अजिंठ्यालाही पूर्वी उन्हाशी असाच व्यवहार चालायचा. लेण्याच्या दारात आरसा धरून बाहेरचं ऊन आत टाकायचे, ते पांढऱ्या कापडावर घेऊन भिंतीवर पसरायचे, मग बोधिसत्त्वाचा चेहरा हळूहळू वर यायचा. तेवढ्या उसन्या उन्हात ते तीन डोलकाठ्यांचं जहाजही कितीतरी लोकांनी पाहिलं असणार.

प्रत्येक दीपगृहाची चाल निराळी असते. कुणी ठरावीक सेकंदांनी एकदा चमकतं, कुणी लागोपाठ दोनदा चमकून मग थांबतं. नकाशावर आणि दिव्यांच्या यादीत ते लिहिलेलं असतं. जुना तांडेल दिवा दिसला की तो किती तेजस्वी आहे हे बघत नसे. तो मनातल्या मनात आकडे मोजू लागे. एक, दोन, तीन... पुन्हा चमक. हां, म्हणजे रत्नागिरी. उजेड सगळीकडे सारखाच. कुठला दिवा ते कळतं दोन चमकांमधल्या काळोखावरून. तो काळोख किती लांबीचा हवा, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं, भिंगाच्या बाजू आणि फिरण्याचा वेग जुळवून तो बेतलेला असतो. अंधारीतल्या पाथरवटानंतर काळोख मापून बनवणारी ही दुसरी माणसं मला भेटली.

एक तक्रार इथेच करून घेतो. आमच्याकडे कुणी मुख्याध्यापक, संपादक किंवा सहकारमहर्षी वारले की शोकसभेत पहिल्या दोन भाषणांच्या आत ते समाजाचे दीपस्तंभ होतात. त्यांनी दाखवलेल्या मार्गाने, त्यांच्या प्रकाशाच्या दिशेने आपण जाऊ या, असं वक्ता सांगतो आणि सभा मान डोलावते. समुद्राकाठच्या एकाही माणसाने हे वाक्य रचलेलं नाही. दीपगृहाच्या दिशेने जहाज नेलं तर ते खडकावर फुटेल. दिवा सांगतो: मी इथे आहे, म्हणजे तू माझ्यापासून लांब राहा; आता तुझं तू ठरव. मार्ग तो दाखवतच नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं म्हणायचं धाडस शोकसभेत कोण करणार? पण काही थोर लोक खरोखर तसेच असतात. त्यांच्याकडे बघून आपण कुठे आहोत ते कळतं. त्यांच्या मागे गेलेले मात्र आपटतात.

दिव्याचं फार कौतुक करू लागलं की मला 'रामदास' बोट आठवते. १७ जुलै १९४७. गटारी अमावास्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सणाला घरी जाणारी माणसं. काशाच्या खडकाजवळ लाटेने बोट कलली, माणसं भिऊन एका बाजूला धावली, आणि सहाशेहून अधिक लोक बुडाले. मुंबईच्या तोंडाशी १८७५ पासून प्राँग्जचं दीपगृह होतं, दक्षिणेला खांदेरीचं होतं. दोन्ही जागच्या जागी होती. पण अपघात दिवसाउजेडी झाला, आणि खडक कुठे आहे हे बोटीवरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ होतं. समुद्र फक्त न दिसल्यामुळे बुडवतो असं नाही.

१९२७ मध्ये देशातल्या दीपगृहांसाठी पहिला कायदा आला. २१ सप्टेंबर हा दीपगृह दिन त्यावरूनच पाळतात. २०२१ मध्ये त्या जागी नवा कायदा आला, त्याच्या नावात आता दीपगृह नाही, नौवहनाला साहाय्य करणाऱ्या साधनांचा तो कायदा. बरोबरच आहे म्हणा. आता जहाजाला आपण कुठे आहोत हे उपग्रह सांगतो. मिरकरवाड्याच्या जेटीवर जाळं विणत बसलेल्या एका पोराला मी विचारलं, बत्ती मोजता येते का? त्याने वर न बघता खिशातून मोबाईल काढून दाखवला. मग शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याकडे मान वळवून म्हणाला, "हे मोजायचे. आता ह्यांना दिसतच नाही." म्हातारा हसला. त्याला ऐकू मात्र नीट येत असावं.

मीच पुढे विचारलं, रात्री समुद्र कसा दिसतो? तेव्हा पोरगा पहिल्यांदा बोलता झाला. म्हणाला, काका, आता अंधार कुठाय? मोठ्या बोटी जनरेटर लावून एलईडीचे दिवे पाण्यावर सोडतात. उजेडाला मासा वर येतो, लहान-मोठा सगळा, आणि एका फेऱ्यात जाळ्यात. आमच्या वाट्याला काय राहतं? अशा मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातलेली आहे, आणि तरी किनाऱ्यावर दर हंगामात त्यावरून भांडणं होतात, मोर्चे निघतात. तो सांगत होता तेव्हा मी बुरुजाकडे बघत होतो. दीडशेहून अधिक वर्षं या किनाऱ्यावर दिवा म्हणजे 'जवळ येऊ नको' असं सांगणारी वस्तू होती. आता खोल पाण्यात 'जवळ ये' म्हणणारे दिवे आले होते, कितीतरी जास्त प्रखर, आणि त्यांना मोजायचं तर कुणी किती वेळ मोजेल? ते मिचकत नाहीत. एकसारखे जळतात. दोन चमकांमध्ये थांबायला त्यांच्याकडे काळोखच नाही.

संध्याकाळी किल्ल्यावरून खाली यायला रिक्षा मिळाली. रिक्षावाला इथलाच, भगवतीच्या देवळात नवरात्रात हमखास जाणारा. मी त्याला म्हटलं, एवढा मोठा दिवा उशाशी, रात्री झोत खिडकीवर येत असेल, झोप कशी लागते? तो म्हणाला, इकडे कुठं येतो, साहेब, तो सगळा तिकडे. खरंच, कित्येक दीपगृहांत जमिनीकडच्या काचा झाकलेल्या किंवा काळ्या केलेल्या असतात; उजेडाचा उपयोग पाण्यावरच्यांना, गावाला तो नुसता त्रास. आयुष्यभर दिव्याच्या पाठीशी राहिलेला हा माणूस. म्हटलं, मग समुद्रावर जाऊन कधी बघितलात का, तिकडून कसा दिसतो?

"छे," तो म्हणाला, आणि उतारावर ब्रेक दाबत मागे वळून हसला. "मला बोट लागते."